दिवस मावळायच्या आत एक घास

"गुलियन-बारे सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले आणि मी विचारलं, "ते ऱ्हाऊ दे डॉक्टर, चंद्रीची धार कोण काढणार?"

चंद्री म्हणजे आमची म्हैस. माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिनं लाथ घातलीय. आधी माझ्या पायांना मुंग्या आल्या, मग पाय जड झाले, मग हात. त्या सकाळी धार काढताना चरवीच हातातून सुटली आणि सगळं दूध शेणात गेलं. तशीच उचलून मला कोल्हापूरला दवाखान्यात आणलं.

नाव ऐकूनच माणूस निम्मा मरतो, म्हणून सांगते. अंगाची राखण करणारी यंत्रणा चुकून आपल्याच नसांवर उठते. राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावावं, तसं. पाठीतलं पाणी तपासलं. नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली, म्हणजे नसांतून संदेश नीट जातो का ते बघतात. मग आयव्हीआयजी, हे शिरेतून देतात ते औषध, नसांवरचा हल्ला थोपवणारं.

"बहुतेक पेशंट बरे होतात," डॉक्टर म्हणाले. "पण बोटांतली ताकद सगळ्यात शेवटी येईल. कधी पूर्ण येते, कधी नाही."

मला तेवढं 'नाही'च ऐकू आलं.

पाय हळूहळू वळणावर आले. बोटं मात्र मेल्यागत! फिजिओथेरपीच्या मॅडम मऊ चेंडू हातात देऊन "दाबा" म्हणायच्या. एकदा वैतागून मी म्हटलं, "ह्याला दाबून काय दूध येणार हाय व्हय?" चेंडू दिला पलंगाखाली सोडून.

शेजारच्या कॉटवर जयसिंगपूरच्या आक्का होत्या. जैन, वयानं सत्तरीच्या. देवळाच्या पायरीवरून पडल्या, उजवा हात मोडला, डावा मुरगळला. घरून डबा दुपारच्या एसटीनं यायचा, पण भरवणारी सून नोकरी करून पोचेपर्यंत अंधार. आणि दिवस मावळला की आक्का अन्नाला शिवायच्या नाहीत. नर्सला सांगायची भीड. दोन रात्री बाई उपाशी झोपली, मला कळलं आणि माझं डोकंच फिरलं.

"आक्का, तोंड न्हाय व्हय तुमास्नी? मी भरवतो की!"

"तुझीच बोटं चालंनात बाई."

"चालंनात तर चालवू!"

त्या दिवसापासून पश्चिमेची खिडकी आमचं घड्याळ झाली. ऊन पलीकडच्या टाकीवर चढलं की मालक माझी खुर्ची आक्कांच्या कॉटला लावायचे. आमटीत भाकरी कुस्करायची, घास करायचा. पहिले घास आक्कांच्या मांडीवर, दुसरे माझ्या पदरावर, एखादाच तोंडात. आक्का हसून म्हणायच्या, "चिमणीला टाकतीयास काय गं!" पण रोज त्यांच्या तोंडात आदल्या दिवसापेक्षा थोडं जास्त जायचं. मला तर दुपारपासूनच वेध लागायचे.

एक दिवस एसटी चुकली, डबा आलाच नाही. मी मालकांना म्हटलं, "आपला डबा द्या, अगदी साधी आमटी हाय." घास आक्कांच्या ओठांपर्यंत नेला आणि त्यांनी तोंड फिरवलं. लसूण! अहो, आमच्याकडं कांदा-लसूण चटणी म्हणजे मसाला नाही, मीठच ते. साध्यातल्या साध्या आमटीतही पळीभर असतेच. मला लाजही वाटली आणि हसूही आवरेना.

इकडं ऊन टाकीवरून उतरायला लागलेलं. मालक पळाले, केळी आणून माझ्या मांडीवर टाकली आणि "दूध तापवून आणतो" म्हणत परत पळाले. राहिलो आम्ही दोघी, मोडक्या हातांच्या, आणि एक न सोललेलं केळं.

"आणा इकडे, मी सोलते," सिस्टर म्हणाली.

"थांबा सिस्टर! हात लावू नका!"

देठ धरला, निसटला. परत धरला, परत निसटला. अख्खा वॉर्ड उठून बसला. पलीकडची बाई ओरडली, "वढ की, वढ!" कुस्तीच्या मैदानात नसेल एवढा दंगा. खिडकीत लालसर कड तेवढी उरली होती. अंगठा आणि बोट आवळून मी जीव खाऊन ओढलं आणि सर्रकन साल खाली आली!

मी गुरागत ओरडले. आक्कांनी उजेडात घास घेतला आणि घळाघळा रडल्या. डॉक्टर धावत आले. मी चिमटीत धरलेली साल त्यांच्या नाकासमोर नाचवली. त्यांनी माझी चिमूट सोडवून बघितली, एकदा, परत एकदा, आणि म्हणाले, "वा! आता तो चेंडू पलंगाखालून काढा." काढला. रात्रंदिवस दाबला.

तुम्ही अशा कॉटवर पडला असाल तर माझं एवढं ऐका. औषध घ्या, व्यायाम करा, आणि शेजारच्या कॉटचं रोज एक काम अंगावर घ्या. स्वतःसाठी आपण चेंडू फेकून देतो हो, दुसऱ्याच्या घासासाठी नाही देत.

गेल्या महिन्यात आक्का आमच्याकडं आल्या, संध्याकाळच्याच. त्यांच्यासमोरच मी आजारानंतर पहिल्यांदा धारेला बसले. चंद्रीनं मला हुंगलं, पाय हलवला नाही, पान्हा सोडला. चरवीत धार वाजली तशी मालकांनी टोपी उडवली. मी दूध तापवलं, पेला भरला आणि सवयीनं आक्कांच्या तोंडाशी नेला.

"आण इकडं," म्हणून त्यांनी तो उजव्या हातात घेतला. दिवस अजून मावळायचा होता.