खाली बसून नाही म्हणणारे बापू

कुणाला नाही म्हणायचं असलं की आमचे शेजारी आधी उकिडवे बसायचे. उभ्यानं नाही म्हणणं त्यांना जमतच नसे. त्यांची सहा-सात वर्षांची लेक चिंचेसाठी हट्ट धरून बसली, की तिच्या डोळ्यांपाशी डोळे आणून म्हणायचे, "आज नाही, बेटा. पण मागणं सोडू नको." पोर भोकाड पसरायची आणि हे तिथेच बसून राहायचे. बुधवाऱ्यातल्या आमच्या आळीत आम्हा बायकांना याचं भारी हसू येई. द्यायचं नाही, तर मागायला तरी कशाला सांगावं? तुम्हीही हसला असता.

इंग्रजांच्या अमलातली गोष्ट. ते मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बायको बाळंतपणात गेलेली, घरात बापलेक दोघंच. संध्याकाळी प्रार्थनेला बसले की देवाशी इतकं घरगुती बोलायचे, की नवी सून असताना मला वाटायचं, आत कुणी पाहुणा आलाय.

एका उन्हाळ्यात पोरीला मुदतीचा ताप आला. तीन आठवडे नुसतं बार्लीचं पाणी आणि ताकाची निवळ. मग ताप जरा उतरला आणि तिला भूक लागली.

"बापू, भाकर द्या ना. लय भूक लागून राहिली."

भिंतीपलीकडून ते ऐकून मी ताटावरून उठले. आमच्याकडे आजारी माणसानं जेवण मागितलं की तो बरा झाला असं धरतात, आणि शेजारणींनी काहीतरी करून न्यायचं असतं. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर दुधात कुस्करली आणि वाटी पदराखाली घेऊन गेले.

ते दारातच खाली बसले. "आज नाही, वहिनी. डॉक्टरसाहेबांनी मना केलंय. आतडी कच्ची आहेत. एक घास गेला तरी फाटतील."

आतून पोर वाटीकडे बघत होती. माझा तोल गेला. "आईविना पोर ती! हेच शिकवतो का तुमचा देव?"

"त्याच्याकडे मी हिची आई मागितली होती," ते म्हणाले. "नाही म्हणाला. का, ते अजून सांगितलं नाही. पण मला सोडून तो उठून गेला नाही, एवढं पक्कं ठाऊक आहे. तुम्ही रागवा, वहिनी. मी इथून हलणार नाही."

पोरीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. परतताना मला पडवीतली त्यांची चूल दिसली. गार पडलेली, कधीची सारवून ठेवलेली. लेक निवळीवर आली तेव्हापासून तेही निवळीवरच होते.

आठवडाभर ती बापाशी बोलली नाही. मग डॉक्टरांनी मऊ भाताला होकार दिला आणि पोर वाचली. त्या वाटीची आठवण झाली की अजून माझ्या अंगावर काटा येतो. मी मायेनंच तिला मारलं असतं.

पुढे ती मोठी होऊन शाळेत शिकवू लागली. बापू मात्र छातीच्या दुखण्यानं गेले. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तर त्यांचे सदरे घडी करत बसली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "प्रार्थना केली असशील ना गं?"

"केली ना, काकू. बापूच मागितले. नाही म्हणाला."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आज त्याच्याशी कट्टी आहे," सदऱ्याची बाही सरळ करत ती म्हणाली. "उद्या बोलेन."