उखाण्याची उरलेली ओळ

रत्नमाले,

प्रिय-बिय लिहीत नाही, तुला हसू येतं. तुझी गोष्ट लिहायला घेतली आहे, पण सांगते ती तुलाच, म्हणजे कुठे चुकलं तर फोनवर ओरडशील.

आमच्या रिग्गईच्या घरी आलीस तेव्हा तुझ्या हातात एकच बॅग होती, आणि तीही तुझी नव्हती. राजापूरजवळच्या खेड्यातून तुम्ही दोघी बहिणी एकाच विमानाने कुवेतला उतरलात. एजंटाने विमानतळावरच तुला एका मालकाच्या गाडीत कोंबलं, अक्षदाला दुसऱ्याच्या, आणि त्या घाईत बॅगांची अदलाबदल झाली. त्यानंतर सात वर्षं तू त्या मालकाच्या घराबाहेर पडली नाहीस. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, फोन काढून घेतलेला, पगाराचं नाव नाही, दाराला बाहेरून कुलूप. माझी सून सुखदा म्हणते, "आई, गुलामगिरी हा शब्द जरा जास्त होतो." होऊ दे. दुसरा असेल तर तिने शोधावा, एवढी डॉक्टर झाली आहे. शेवटी शेजाऱ्यांनी तक्रार केली, पोलिसांनी कुलूप उघडलं, आणि परतीचे कागद होईपर्यंत इथल्या मराठी मंडळामार्फत तू आमच्याकडे राहायला आलीस.

सुटलेली माणसं म्हणे आधी झोपतात. तू पहिल्याच सकाळी चहाचा कप खाली ठेवून मला बजावलंस, "काकी, तिकीट यायच्या आत अक्षदा सापडायला हवी. तिला बघितल्याशिवाय मी विमानात बसणार नाय. बांधून बसवा हवं तर."

शोधायचं कसं? एजंट गायब. गावात मागे कोणी नाही, अक्षदाचा नवरा बाळा वारला म्हणूनच तर तुम्ही दोघी बाहेर पडलात. फोटो नाही, नंबर नाही. तुझ्याकडे होतं काय, तर त्या बॅगेतला अक्षदाचा लग्नातला हिरवा ब्लाऊज आणि तिच्या लग्नात तू रचून दिलेला उखाणा.

उखाणा ऐकून मी आधी कपाळाला हात लावला, मग तोच हात फोनकडे नेला. आपल्या बायका ग्रुपवर आलेलं वाचत नाहीत, पण आवाज आला की ऐकतात. मी म्हटलं, "पहिली ओळ म्हण आणि गप्प बस. दुसरी बरोबर म्हणेल ती अक्षदा."

तू घसा खाकरून म्हणालीस, "हापूसच्या पेटीत पेंढ्याची गादी..." तेवढं मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'ही ओळ पुरी करणारी बाई हवी आहे.'

तिथेच माती खाल्ली! मराठी बाईपुढे अर्धा उखाणा टाकायचा आणि तिने गप्प बसायचं? संध्याकाळपर्यंत अख्ख्या कुवेतने तो पुरा केला. एगैलाहून आलं, "स्वानंदरावांचं नाव घेते, संसाराची नांदी." त्यावर फहाहीलहून, "शैलेशरावांसाठी विसरले सोनं आणि चांदी." गणपत नावाच्या एका सड्या प्लंबरनेही हात धुऊन घेतले, "नाव कोणाचं घेऊ, लग्न होऊ द्या आधी!" मी ठणकावून लिहिलं, 'ही स्पर्धा नाही!' लगेच विचारणा, 'काकू, परीक्षक कोण?'

तू हसून हसून फरशीवर बसलीस. मी चिडले, "हसतेस काय? बहीण कोणाची हरवली आहे?"

"काकी, सात वर्षांत एवढ्या बायांचा आवाज नाय ऐकला," म्हणालीस. "ती चांदीवाली परत लावा."

आणि फहाहीलच्या एका दवाखान्यात विशाखा नर्स हेच उखाणे ऐकत होती, कामाच्या वेळेत, स्पीकर लावून. नियमात बसत नाही, पण मी बोलणार नाही. तुझी ओळ वाजली आणि तिच्या पाठीमागून खणखणीत आवाज आला, "बाळारावांचं नाव घेते, मला जेवू द्या आधी!" विशाखा वळेपर्यंत चाकाच्या खुर्चीतल्या आपल्या म्हाताऱ्या मालकीणबाईला तशीच सोडून एक गोल गरगरीत बाई तिच्या अंगावर धावून आली. "हा आवाज कुठून आणलास गो? ही आमची रत्नी! ती गावी परत गेली असं एजंट सांगत होता मेला!"

मालकीणबाईंच्या पुढच्या तपासणीला आपण दोघी सकाळपासून दवाखान्यात ठाण मांडून बसलो. मी चार रुमाल नेले होते. दार उघडलं, अक्षदा आत आली, तुला नखशिखांत न्याहाळून म्हणाली, "माझा ब्लाऊज कुठाय?"

"आधी माझे परकर दे!"

"लांडे मेले! सात वर्षं घोटे उघडे टाकून फिरत्येय मी!"

आणि मग दोघी अशा बिलगलात की कोण कुठली कळेना. मालकीणबाईंनी अरबीत विचारलं, हे काय चाललंय? अक्षदाने मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं. त्यावर त्या बाईंनी खुर्चीतल्या खुर्चीत जीभ हलवून असा काही आनंदाचा चीत्कार काढला, त्यांच्या लग्नघरात काढतात तसा, की तिथल्या साऱ्या बायकांनी तोच सूर उचलला. विशाखा ओरडली, "अहो, पेशंट आहेत इथे!" आणि माझे दोन रुमाल तिनेच संपवले.

अक्षदाने तिथेच ब्लाऊज चढवून पाहिला. बाही कोपरापुढे सरकेना. आधी जेवणारी बाई ती!

तुझं तिकीट आलं. विमानतळावर ब्लाऊज माझ्या हातात कोंबून तू म्हणालीस, "महबूब टेलरकडे देऊन उसवून घ्या, काकी. आत शिवण भरपूर आहे. मग अक्षदाला पोचवा." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी चप्पल घालते तोच अक्षदाचा फोन. "काकी, खबरदार उसवलात तर! करार संपेपर्यंत मी त्यात मावून दाखवते."

आता दर शुक्रवारी तू विचारतेस, "दिला काय?" ती विचारते, "दिला नाय ना?" महबूबचं दुकान आमच्याच इमारतीखाली आहे. काल फोनवर अक्षदाने अजून थोडी मुदत मागितली. मागे काहीतरी चरचरीत तळलं जात होतं. ब्लाऊज माझ्या दारामागच्या खिळ्यावर आहे.