माझ्या नावाचा बेलभंडारा

माझी आई, बानूबाई, इतकी भित्री बाई आमच्या पंचक्रोशीत दुसरी नाही. लेक म्हणून सांगते, चेष्टा नाही. मोबाइल वाजला की ती आधी छातीवर हात ठेवते, मग उचलते. कुठं सही करून आली की दोन दिवस विचारत बसते, "काय भलतं लिवून तर घेतलं न्हाई ना?" माझा भाऊ बिरदेव कारेगावला राहतो, कंपनीत प्रेस मशीनवर आहे. कामावर फोन आत नेऊ देत नाहीत, तेवढा वेळ हिचा जीव टांगणीला. अगं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणावं तर म्हणते, "घरात कुनीतरी भ्यायला नगं का? तुमी समदी मोकळी फिरताय."

अशा बाईला गावानं ग्रामपंचायतीत धाडलं. म्हणजे जागा बायकांसाठी निघाली आणि सावळाराम आबा घरी येऊन म्हणाले, बानूचा फॉर्म भरा. आबा मोठे बागायतदार, गावातली सोसायटी त्यांच्या मुठीत. आमच्या धनगरवस्तीनं त्यांना कधी नाही म्हटलेलं नाही. आप्पांनी, माझ्या वडलांनी, मान हलवली आणि आई मेंबर झाली.

गेल्या जानेवारीत आबा पुन्हा आले. या वेळी ताटलीत बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा घेऊन. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द आमच्याकडं कोर्टाच्या कागदापेक्षा पक्का. मोडला तर ज्या लेकराची आण घेतली त्याच्यावर येतं, असं सगळे मानतात.

"बानू, ह्या मीटिंगला मी सांगन त्या ठरावाला हात वर करायचा," आबा म्हणाले. "उचल. लेकराची आण घे."

ठराव कसला, हे आईनं विचारलं नाही. तिनं उचलला. मी तेव्हा कॉलेजात गेले होते.

चार दिवसांनी दुसऱ्या मेंबर कुशाबाई घरी आल्या आणि त्यांच्याकडून कळलं. कंपन्यांचे केमिकलचे रिकामे ड्रम धुवायचा धंदा आबांचा भाचा आमच्या ओढ्याकाठी टाकणार, त्याला पंचायतीची ना हरकत पाहिजे. ओढ्याला लागून आमची विहीर. वस्तीवरची चाळीस घरं तिचंच पाणी पितात. सरपंच धरून मतं सात. तीन इकडं, तीन तिकडं, आणि सातवा हात माझ्या आईचा.

कुशाबाई गेल्यावर आई चुलीपुढं बसली ती उठेचना. भाकरी करपली तरी हिचं लक्ष नाही.

मी दौंडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय तत्त्वज्ञान. दबावाखाली दिलेला शब्द पाळावा का, यावर मॅडमनी आमच्याकडून निबंध लिहून घेतला होता. माझा त्यांनी वर्गात वाचून दाखवला. मग काय, मला चेव आला. आईला म्हणलं, "कशाला हात वर करायचा ते तुला सांगितलंच न्हाई. मग तो शब्दच न्हाई. फसवून घेतलेला शब्द मोडला तर पाप घेणाऱ्याला, देणाऱ्याला न्हाई. आणि तुझ्या एका शब्दापायी चाळीस घरांनी ते पाणी प्यायचं का?"

"देवाला हे कळतं व्हय?"

"देव असलाच तर त्याला माझ्याआधी कळत असंल. बिरदेवाला काय होत न्हाई. तो त्याचं मशीन नीट चालवतो."

आई खाली बघून म्हणाली, "बिरदेवाची न्हाई घेतली. तो मशिनीवर असतोय, माझी जीभच वळंना. तुझी घेतली."

खरं सांगते, मला पहिल्यांदा भीती नाही वाटली, राग आला. मी तिला नाही नाही ते बोलले. पोरगा मोलाचा आणि पोरगी फुकटची का, असंही बोलले. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तूच म्हनती ना, हे असलं काय नसतंय. म्हनलं, जी मानत न्हाई तिला लागायचं न्हाई."

माझंच शस्त्र माझ्याच गळ्याला. मी तोऱ्यात सांगितलं, "नाहीच लागत. बिनधास्त विरोधात हात कर."

तिसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या गाडीवर मागं बसून दौंडहून येत होते. पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या गच्च भरलेल्या. वळणावर मागची ट्रॉली कलली आणि उसाच्या मोळ्या आमच्या पुढ्यात पडल्या. पुढचं चाक घसरून आमची गाडी कडेच्या मातीत गेली. लागलं काहीच नाही, कोपर जरासं खरचटलं. मैत्रीण हसत होती आणि मला मात्र ताटलीतला भंडारा दिसत होता. सीझनला रोज कुठं ना कुठं मोळ्या पडतात, हे मला माहीत होतं. माहीत असून उपयोग झाला नाही. जन्मात इतकी भ्याले नव्हते.

घरी आले आणि आईला म्हणलं, "आबांच्या ठरावाला हात वर करून टाक. पाण्याचं बघू पुढं. टँकर मागवू, अर्ज करू." दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आई माझ्या कोपराकडं बघत राहिली. काय झालं ते मी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. हळद आणली आणि लावली.

मीटिंगच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. पंचायतीच्या खिडकीशी उभी राहिले. आत आबा मेंबर नसतानाही खुर्ची टाकून बसले होते, कुणाची हिंमत आहे ऊठ म्हणायची. ग्रामसेवकानं ठराव वाचला. बाजूनं असतील त्यांनी हात वर करा म्हणाला.

तीन हात वर गेले. आईचा उजवा हात मांडीवर होता आणि तो तिनं डाव्या हातानं घट्ट दाबून धरला होता. आबा तिच्याकडं बघत होते. मी खिडकीतून खुणा करत होते, कर, कर वर. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

"विरोधात?"

आईनं हात वर केला. बांगड्यांचा आवाज बाहेर मला ऐकू आला. ठराव पडला.

आबा ओरडले नाहीत. दाराशी तिच्याजवळ थांबून सावकाश म्हणाले, "बानू, पोरगी सांभाळ आता."

आईनं माझं मनगट पकडलं आणि आम्ही चालत निघालो. वस्ती अडीच किलोमीटर. ओळखीच्या दोन गाड्या थांबल्या, तिनं बसू दिलं नाही. अर्ध्या वाटेवर मी रडत रडत भांडायला लागले, "मी सांगितलं होतं ना वर कर म्हणून? माझा जीव एवढा स्वस्त हाय का गं तुला?"

ती थांबली. तिच्या तोंडावरचं पाणी पळालं होतं.

"सांगितलं व्हतंस, पर भ्याल्यावर," ती म्हणाली. "भ्यालेलं मानूस काय बोलतंय ते माझ्यापरीस जास्त कुनाला ठावं? मी जलमभर त्येच बोलत आले. तू भ्यायच्या आदी जे बोललीस, ते मी ऐकलं."

आणि मला रस्त्याच्या कडेला घेऊन ती गाड्यांच्या बाजूनं चालायला लागली. मनगट तिनं घरापर्यंत सोडलं नाही, आणि मीही सोडवून घेतलं नाही.