खांद्यावर दोन थापा

आमच्या स्कूटरची पेट्रोलची टाकी सीटखाली आहे, त्यामुळे पंपावर मागच्याला उतरावंच लागतं. एकदा कल्याणच्या पंपावर पेट्रोल भरून झालं आणि आई बसायच्या आतच बाबा निघाले. मोहने गाव येईपर्यंत एकटेच तिच्याशी बोलत होते. परत न्यायला आले तेव्हा आईने भर रस्त्यात त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. तेव्हापासून घरचा नियमच झाला, की आईने खांद्यावर दोन थापा मारल्याशिवाय स्कूटर हलायची नाही.

आई गेल्यानंतर परवा पहिल्यांदाच मी बाबांच्या मागे बसून बाहेर पडले. त्याच पंपावर पेट्रोल भरलं, सीट लावली, मी बसले. बाबांनी स्कूटर सुरू केली आणि तसेच थांबून राहिले. मागे हॉर्नवर हॉर्न. मेल्यांना एवढी कसली घाई असते कोण जाणे!

"बाबा, बसले मी," मी म्हटलं. ते हलेनात.

शेवटी मी त्यांच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. स्कूटर निघाली.

निघता निघता बाबांनी हात लांब करून आरसा पलीकडे वळवला. तोवर त्यात मी दिसत होते.