राखेने आखलेलं विमानतळ

मी पहिलं विमानतळ पाहिलं ते जालन्याकडच्या आमच्या आष्टी गावाच्या शिवारात. ते राखेच्या रेघांचं होतं आणि मीच आखलेलं होतं. खरं विमानतळ दिसलं ते त्यानंतर वर्ष उलटून गेल्यावर.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. मी बी. ए. होऊन घरी बसले होते आणि मुंबईच्या विमानतळावर प्रवाशांची व्यवस्था पाहणाऱ्या नोकरीसाठी अर्ज केला होता. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. गावात ज्याला त्याला हसू येत होतं. वडील गेल्यापासून घरात मी आणि माय दोघीच, माय रोजंदारीला जाणारी, त्यामुळे धाकट्या चुलत्यांच्या शब्दाला वजन होतं. ते म्हणाले, “वहिनी, एवढी एक परीक्षा होऊ द्या, मंग पोरीचं उरकून टाकू.” त्यांनी मुलगाही पाहून ठेवला होता. माझा राग कायम नाकावर. ही नोकरी मिळवायचीच, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

पण विमानतळ म्हणजे काय हे कोणाला विचारायचं? जालना शहरात, नवीन जालना भागातल्या एका बँकेच्या दारावर एक पहारेकरी होते. हवाई दलात विमानांवर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करून ते निवृत्त झाले होते. कॉलेजात असताना त्यांची ओळख झाली होती, मी त्यांना काका म्हणायचे. दर शनिवारी बँक दुपारी बंद झाली की समोरच्या हॉटेलात ते मला शिकवायला लागले.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “वाटूर फाट्यावर काय होतं, सांग.”

“गाड्या येतात. माणसं उतरतात आणि दुसऱ्या गाडीत बसतात.”

“बस. मोठं विमानतळ म्हंजे तेच. लंडनहून उतरलेला प्रत्येक माणूस मुंबईला आलेला नसतो. कोणाला सिंगापूरला जायचं असतं. दहा ठिकाणची विमानं येतात, माणसं बदलतात आणि दहा दिशांना जातात. एक विमान उशिरा आलं की बाकीच्यांचा खोळंबा.”

मग जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी सगळं काढून दाखवलं. विमान उतरतं ती धावपट्टी. तिच्यापासून विमानं रांगत येतात तो बाजूचा रस्ता. ती उभी राहतात ते फरसबंद अंगण. मग इमारत. सगळ्यांवर नजर ठेवणारा मनोरा, त्याच्या हुकमाशिवाय विमानाचं चाकसुद्धा हलत नाही. परदेशातून आलेल्याने आधी लस टोचल्याचं कार्ड दाखवायचं, मग पासपोर्ट, मग आपली पेटी घ्यायची, मग कस्टम, मग बाहेर. जाणाऱ्यांची वाट वेगळी. दोन वाटा कुठेही एकमेकींत मिसळायच्या नाहीत, हे त्यांनी चार वेळा बजावलं.

कागदावर मला सगळं समजायचं आणि घरी आल्यावर विसरायचं. शेवटी मी गावाबाहेरच्या पडीक रानात चुलीतल्या राखेने विमानतळ आखलं. बांधाला धरून सरळ रेघ मारायला सोपं, म्हणून धावपट्टी बांधाला लागून काढली. माय कामावरून येताना तिथे थांबली आणि हे काय, म्हणून विचारलं. मी सांगितलं, विमान वाऱ्याला तोंड देऊन चढतं आणि तसंच उतरतं.

तिने पदर सोडून वाऱ्यावर धरला. “मंग ही आडवी काहून काढलीस? इथं वारा मावळतीकडून येतो. मी जल्मभर उपणून राह्यले, मला ठाऊक न्हाई का?”

खळ्यावर धान्य उपणायला तिच्याइतकी हुशार बाई गावात नव्हती. बी. ए. झालेल्या मुलीने गपचूप पायाने रेघ पुसली आणि धावपट्टी वाऱ्याच्या दिशेने उभी केली. मला लाज वाटली आणि तिचा अभिमानही वाटला.

त्या दिवसापासून माय माझी प्रवासी झाली. दिवसभर खुरपून आलेली बाई, पण अंधार पडायच्या आत रोज एक फेरी करायची. कधी ती मुंबईत उतरणारी असायची, कधी लंडनहून येऊन सिंगापूरला जाणारी. मी राखेच्या रेघेवर उभी राहून तिला वाट दाखवायचे. एकाच गोष्टीवर आमचं बिनसायचं. तिच्या काखेत कायम एक गाठोडं असे, आणि ते ती कोणाच्या हाती देत नसे.

“माय, तू सिंगापूरची आहेस. तुझं सामान इथले लोक परस्पर दुसऱ्या विमानात चढवतील. तू नुसतं बसायचं.”

“माझ्याशिवाय माझं गाठोडं जात न्हाई. मी देत न्हाई.”

तिच्याशी वाद घालून मी थकले. शेवटी तिला गाठोड्यासकट पुढे सोडायला लागले. आज माहीत आहे, तिथेच माझं चुकलं.

लेखी परीक्षा पास झाले. मुलाखतीला पाच जण समोर. एकाने विचारलं, लंडनचा एक प्रवासी तुमच्यासमोर उतरला आहे, दोन तासांनी त्याचं सिंगापूरचं विमान आहे, त्याला कसा न्याल? रोजच्या सवयीने मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत पण ठासून सांगितलं, आधी त्याची पेटी त्याच्या हातात देईन. पेटी घ्यायला त्याला पासपोर्ट दाखवावा लागला, पेटी घेतल्यावर कस्टम आलं, कस्टमनंतर दार आलं. माझा सिंगापूरचा प्रवासी पेटीसकट मुंबईच्या रस्त्यावर उभा राहिला. पाचही जण हसले. त्यांतले एक गृहस्थ हळूच म्हणाले, “बाई, याचं विमान गेलं.”

घरी आले ती भांडायलाच. “तुझ्या गाठोड्याने माझी नोकरी गेली,” असं मी मायला म्हणाले. असं बोलायला नको होतं. ती भाकरी थापत राहिली.

चार दिवसांनी चुलते आले. झाली ना परीक्षा, आता पाहुण्यांना बोलावतो, म्हणाले. मायने त्यांना चहा दिला आणि दाराशी उभी राहिली.

“भाऊजी, पाहुण्यांना न्हाई म्हनून कळवा. ती पुढच्या साली पुन्हा बसणार हाय.”

“पुन्हा नापास झाली मंग?”

“मंग पुन्हा बसंल. खर्चा माझा हाय.”

चुलते चहा अर्धा टाकून गेले. मी मायकडे बघत राहिले. तिने काखेतलं गाठोडं काढून माझ्यासमोर सोडलं. आत भाकरीचं फडकं, खुरपं, माझा शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड होतं.

“दुष्काळाच्या साली वाटूरला गाठोडं गाडीच्या टपावर टाकल्तं,” ती म्हणाली. “कोणी नेलं, कळलं न्हाई. कार्ड गेलं. दुसरं मिळेस्तोवर तुला अर्धपोटी निजवलं. तवापासून देत न्हाई मी कोणाला.”

मला ते उपाशी वर्ष आठवत होतं, पण त्यामागचं कारण कधी कळलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी काकांना हे सगळं सांगितलं. ते धनगराच्या घरातले, मेंढ्यांमागे वाढलेले. म्हणाले, “तुझ्या मायला सांग, दोन कळप एका रानात बसले तरी पाठीवरच्या रंगावरून आमची मेंढी आमच्याकडेच येती. पेटीवर चिठ्ठी असती, तिचा अर्धा तुकडा प्रवाशाच्या हाती असतो. नंबर बराबर जुळला पाहिजे.”

मी पुठ्ठ्याचे दोन तुकडे केले, दोन्हींवर एकच नंबर घातला. मायने तो आकडा बोटाने दोन्हीकडे गिरवून पाहिला, मग एक तुकडा गाठोड्याला बांधू दिला. गाठोडं मी दुसऱ्या रेघेने नेलं. ती रिकाम्या हाताने, मान माझ्याकडे वळवून, राखेच्या वाटेने सिंगापूरच्या विमानाकडे चालत गेली.

वर्षभर आम्ही असंच केलं. पावसाने रेघा धुतल्या की पुन्हा आखायचो. कधी विमान उशिरा यायचं, कधी प्रवासी आजारी पडायचा, कधी लसीचं कार्ड हरवायचं. दुसऱ्या वर्षीच्या मुलाखतीत मला एकाही प्रश्नावर थांबावं लागलं नाही.

पत्र आलं तेव्हा माय रानात होती. मी धावत गेले आणि बांधावरूनच ओरडून सांगितलं. ती खुरपं टेकून खालीच बसली. हसली नाही. मला वाईट वाटलं, रागही आला.

“तुला आनंद नाही का झाला?”

“झाला की.”

“मग तोंड असं का?”

“आता घरात कोणाशी बोलू, ते बघून राह्यले.”

सगळं वर्ष मी माझ्या नोकरीचाच विचार केला होता. मी गेल्यावर ही बाई त्या घरात एकटी राहील, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले आणि रडत म्हणाले, “माय, तुला हे आधी नाही का सुचलं?”

“पहिल्याच दिवशी सुचलं,” ती म्हणाली. “तू जावंस म्हनूनच तर रोज चालत होते.”