माझ्या चेहऱ्याखालचं बटण

"हिचा एखादा फाटका युनिफॉर्म नाही का?"

केतकी मॅडमनी हे अण्णांना विचारलं तेव्हा मी आठवीत होते. चामराजपेटमधल्या आमच्या दुकानात मशीनला टेकून उभी होते. दोन घट्ट वेण्या, त्यावर मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा, कपाळाला टिकली, अंगावर कडक इस्त्रीचा नवा कोरा युनिफॉर्म. अण्णा म्हणजे माझे वडील. शिंपी. आजोबाही शिंपी, त्यांच्या आधीचेही शिंपी. या कानडी शहरात आमच्या इतक्या पिढ्या गेल्या की मूळ गाव कुठलं हे आता कुणाला धड सांगता येत नाही.

अण्णांना प्रश्नच कळला नाही. त्यांना वाटलं, बाईंना काहीतरी शिवून घ्यायचं आहे.

"काय फाटलंय? द्या, आत्ता शिवून देतो," ते म्हणाले.

मॅडम हसल्या. बरोबर आलेला कॅमेरावालाही हसला. आणि काहीच न कळता अण्णाही हसले. त्यांचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

आमच्या घरात फोटो म्हणजे स्टुडिओ. लग्न ठरलं, मूल वर्षाचं झालं, कुणी नोकरीला लागलं, की फोटो. असेल नसेल ते चांगलंचुंगलं अंगावर घालून जायचं आणि ताठ उभं राहायचं. एक संस्था मुलांसाठी अभ्यासाची वेबसाइट चालवते, तिच्यावर लावायला एका हुशार मुलीचा फोटो हवा आहे, असं शाळेतून सांगितलं. हेडमिसनी माझं नाव दिलं. अण्णांनी गिऱ्हाइकांचं काम बाजूला सारून माझा नवा युनिफॉर्म शिवला. आईनं गजरा ओवला, दुकानाची पायरी धुतली, रांगोळी काढली. मुलीचा फोटो अभ्यासासाठी निघणार होता. एवढे आम्ही खुळे.

"काका, तसं नाही हो," मॅडम समजावून सांगू लागल्या. त्या संस्थेच्या, मूळ पुण्याच्या. सर्जापूर रोडला मोठ्या सोसायटीत राहायच्या. "फोटो बघून लोकांना वाटलं पाहिजे ना, की हिला मदतीची गरज आहे. ही तर लग्नाला निघाल्यासारखी दिसतेय."

आणि त्यांनी हात पुढे करून माझा गजरा काढला. मला विचारलं नाही. आईलाही नाही. गजरा मशीनवर ठेवला, टिकली काढली, एक वेणी सोडायला लावली. जुना युनिफॉर्म मागवला. तोही धडच निघाला. शिंप्याच्या घरात फाटकं कुठून सापडणार? उसवलं की त्याच संध्याकाळी शिवलेलं असायचं. मग मॅडमनीच तोडगा काढला.

"खांद्यावरची शिवण थोडी उसवा ना. फोटो झाला की परत शिवा. तुम्हाला काय, डाव्या हाताचा मळ."

अण्णांनी ब्लेड घेतलं. मान खाली घातली आणि एकेक टाका काढला. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. गिऱ्हाइकाशी बाहीच्या मापावरून भांडणारा माणूस. पण शाळेनं पाठवलेल्या माणसाला नाही म्हणायची आमच्याकडे रीतच नव्हती. शाळा म्हणजे देऊळ, आणि देवळातून आलेला प्रसाद कसाही असला तरी डोळे मिटून घ्यायचा.

मॅडमनी मला चिंध्यांच्या ढिगावर बसवलं.

"हसू नकोस. कॅमेऱ्याकडे नको, थोडं वर बघ. हां. तुमचं मराठी किती गोड आहे गं. थोडं विचित्र, पण गोड."

त्या गेल्यावर आई आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी. अण्णांनी शिवण परत घातली, पण त्या दिवशी मशीनवर दुसरं काही शिवलं नाही.

पुढच्याच महिन्यात वेबसाइट शाळेत आली. संस्थेनं पासवर्ड दिला, भिंतीवर मोठा पडदा दिला. विज्ञानाच्या शारदा मिस रोज वर्गात ती साइट उघडायच्या. उघडली की धड्याआधी मी. अख्ख्या भिंतीवर मी. उघडा खांदा, सुटलेली वेणी, चिंध्या. खाली इंग्रजीत लिहिलेलं, की हिचे वडील मिळेल ते मजुरीचं काम करतात, हिच्या घरात एकही पुस्तक नाही, आणि तुम्ही हात दिला नाहीत तर हिची शाळा सुटेल. त्याच्याखाली लाल बटण. डोनेट.

मिळेल ते काम? माझ्या बापाकडे लोक जयनगरहून ब्लाउज शिवायला येतात. घरात पुस्तक नाही? आमच्या फळीवर कन्नड पुस्तकं होती, मराठी होती, आजोबांनी जुन्या बाजारातून आणलेला जाडा इंग्रजी कोश होता. मॅडम त्याच फळीखाली बसून चहा प्यायल्या होत्या.

वर्गानं माझं नाव बदलून टाकलं. "डोनेट बंदळु," मी दारात दिसले की पोरी म्हणायच्या. म्हणजे, डोनेट आली. कबड्डीत डोनेट. हजेरीला डोनेट. मधल्या सुट्टीत एकीनं येऊन माझ्या नाकावर बोट दाबलं आणि विचारलं, "किती रुपये पडले?" सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण न हसण्याची शिक्षा जास्त होती. आतून मात्र पेटले होते. शारदा मिसनी एकदोनदा पानं भरभर सरकवून माझा चेहरा पुढे ढकलायचा प्रयत्न केला. पण नेट हळू. चेहरा तिथंच अडकायचा.

एक दिवस दुकानात एक जुनं गिऱ्हाईक आलं आणि त्यानं मोबाइल अण्णांपुढे धरला.

"काय मास्टर, शिंप्याच्या पोरीला फाटकं?"

थट्टाच होती. तो माणूस वाईट नव्हता. पण अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला. तेव्हापासून दुकानात कुणी मोबाइल काढला की ते आत निघून जायचे. त्यांची लाज मला दिसत होती, आणि लाज वाटायचं काम त्यांचं नव्हतं हेही मला कळत होतं. राग मात्र कुणावर काढावा ते कळत नव्हतं. म्हणून मी तो कधी आईवर काढला, कधी ताटावर.

दहावीला गेले तेव्हा एकदा संस्थेचा पासवर्ड चालेना. मुदत संपली होती. वर्गात गोंधळ. शारदा मिस म्हणाल्या, "स्वल्प थांबा," आणि त्यांनी दुसरंच काहीतरी उघडलं. सरकारचं पान होतं. आमचंच पाठ्यपुस्तक. तोच धडा, तीच फुप्फुसाची आकृती, तेच खालचे प्रश्न. पासवर्ड नाही, बटण नाही, कुणाचा फोटो नाही. मग त्यांनी आणखी एक साइट उघडली. तिच्यावर तारा जोडायच्या, सेल लावायचा, आणि जोडणी बरोबर झाली की दिवा लागायचा. एकेकीला पुढे बोलावलं. माझी पाळी आली, मी दिवा लावला. त्या दिवशी त्या भिंतीकडे मी पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं.

तास सुटल्यावर मी थांबले.

"मिस, हे कुणी दिलं?"

"कुणी कशाला देईल? नम्मदे," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. आपलंच आहे. "सगळ्यांना उघडं आहे. तुमचे अण्णा दोरा घेतात ना विकत, त्यावरच्या करातनंही हे चालतं."

"मग संस्थेच्या साइटवर वेगळं काय आहे?"

मिस पडदा गुंडाळत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पडद्याची दोरी बांधली.

वेगळी मीच होते. धडे सगळ्यांचे होते. त्यांच्यावर कुलूप घातलं, कुलपाला माझा चेहरा लावला, आणि किल्ली आमच्या हातात देऊन वर उपकार. आणि त्या किल्लीपायी माझ्या बापानं स्वतःच्या हातानं स्वतःची शिवण उसवली. हे समजलं तेव्हा मी जिन्यावर बसून रडले नाही. रडणं दोन वर्षं करून झालं होतं.

त्याच हिवाळ्यात संस्थेचा कार्यक्रम ठरला. सर्जापूर रोडला, मॅडमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. देणगीदार येणार होते, शाळेला नवे कॉम्प्युटर जाहीर होणार होते, आणि मी आभाराचं भाषण करायचं होतं. भाषण मॅडमनी लिहून पाठवलं होतं. "मराठीतच बोल," त्यांनी निरोप दिला, "आमचे बरेचसे लोक मराठी आहेत, त्यांना भरून येईल." हेडमिसनी मला खोलीत बोलावून बजावलं, की शाळेला कॉम्प्युटर हवेत, नीट बोल. त्यांचंही खोटं नव्हतं. आमच्या शाळेतले कॉम्प्युटर सुरू व्हायला लागायचे तोवर तास अर्धा व्हायचा.

अण्णांना मी येऊ नका म्हटलं. तरी ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले.

माझं नाव पुकारलं. मी वर गेले. मागे पडद्यावर तोच फोटो लावला होता, भिंतीएवढा. समोर चांगल्या साड्या, चांगले कुर्ते, कौतुकानं तिरक्या झालेल्या माना. मी कागद उघडला. पहिलीच ओळ होती, 'तुम्ही नसता तर मी आज अंधारात असते.'

मी कागद मिटला.

"हा फोटो खोटा आहे," मी म्हणाले. "माझा युनिफॉर्म फाटका नव्हता. तो फाडून घेतला. माझे वडील शिंपी आहेत, ते मागे बसले आहेत. आमच्या घरात पुस्तकं आहेत. तुमच्या साइटवरचे धडे सरकारच्या साइटवर फुकट आहेत, पाहिजे तर आत्ता मोबाइलवर बघा. हा फोटो आज काढून टाका."

मग तेच सगळं कन्नडमध्ये सांगितलं. हेडमिसना मराठी येत नव्हतं, आणि त्यांना हे दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको होतं.

केतकी मॅडम स्टेजवर आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. हसतच होत्या.

"बाळा, तुझ्या वडिलांनी परवानगी दिली होती."

"त्यांनी दिली होती," मी म्हणाले. "मी देत नाही."

खांद्यावरचा हात मी काढून टाकला. पायऱ्या उतरून सरळ अण्णांकडे गेले. ते उठून उभे राहिले होते. आम्ही जेवणासाठी थांबलो नाही. बसमध्ये अण्णा खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं." मी त्यांना नाही म्हटलं नाही. बोलायला पाहिजेच होतं. पण मी त्यांचा हात धरला आणि आमचा स्टॉप येईपर्यंत सोडला नाही.

फोटो काढून टाकला त्यांनी. चांगुलपणानं नाही. हॉलमधल्या काही लोकांनी खरंच मोबाइल काढून बघितलं होतं आणि प्रश्न विचारले होते. पण कॉम्प्युटर आले नाहीत. पडदाही परत नेला. मी पास होईपर्यंत हेडमिस माझ्याशी बोलल्या नाहीत. वर्गातल्या पोरी आता डोनेट म्हणत नव्हत्या, काहीच म्हणत नव्हत्या. एकीच्या आईनं शाळेच्या फाटकात मला ऐकवलं, "तुझा मान राहिला, आमच्या लेकरांचं काय?" शारदा मिस स्वतःचा लॅपटॉप घेऊन यायच्या आणि आम्ही अख्खा वर्ग त्याच्याभोवती दाटीवाटीनं बसायचो. मागच्यांना दिसायचं नाही. असंच उरलेलं वर्ष काढलं.

आता मी कॉलेजात आहे. रविवारी आमच्या समाजाच्या हॉलमध्ये गल्लीतल्या मुलांना घेऊन बसते. पाठ्यपुस्तकं कुठं मिळतात, गणिताचा सराव कुठं करायचा, कन्नड शब्दाचा मराठी अर्थ कसा शोधायचा, हे आईबापांच्याच मोबाइलवर उघडून दाखवते. आईबाप हात जोडतात. कुणी दिलं म्हणून विचारतात. मी त्यांचे हात खाली करते. कुणी दिलं नाही, आपलं आहे, असं सांगते. विश्वास बसायला वेळ लागतो. फुकट मिळालं की वाकायचं, ही सवय हाडात गेलेली आहे.

गेल्या आठवड्यात केतकी मॅडमचा मेसेज आला. इतक्या वर्षांनी.

"हाय बेटा. झालं गेलं विसरून जाऊ. साइट नवीन करतोय. तुमच्या गल्लीतली एखादी मुलगी सुचवशील? तुझ्यासारखी बोलक्या डोळ्यांची."

मी लिहिलं, "नाही."

पण त्या थांबणाऱ्यातल्या नाहीत. काल मंजुळा अक्का भेटल्या. आमच्या मागच्या घरात राहतात, पापड लाटून विकतात, मुलगी सहावीत आहे. शाळेमार्फत त्यांना निरोप आला आहे. रविवारी संस्थेची माणसं येणार, मुलीचा फोटो काढणार, टॅब देणार.

"फोटोच तर आहे," अक्का म्हणाल्या. "त्यात काय जातं?"

मी त्यांच्या ओट्यावर बसले आणि काय जातं ते सांगितलं. वर्गात मला काय म्हणायचे तेही सांगितलं. हे मी आजवर आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. अक्कांचं लाटणं थांबलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. टॅब मिळतो आहे, आणि त्यांच्या घरात एकच मोबाइल आहे, तोही त्या पापडांच्या ऑर्डरींसाठी वापरतात. हे मला कळतं. गरज खरी आहे. म्हणूनच तर संस्थावाल्यांना दार बरोबर सापडतं.

रविवारी मी त्या ओट्यावर असणार आहे. ती माणसं आली की कॅमेरा पिशवीतच ठेवायला सांगणार. टॅब द्यायचा असेल तर द्या, चेहरा मिळणार नाही. चेहऱ्याशिवाय टॅब देत नसाल, तर तुम्ही शिकवायला आलेला नाहीत, खरेदीला आलेला आहात, आणि ही मुलगी विकायची नाही. पोलीस बोलावतो म्हणाले, तर बोलवा म्हणेन. शाळेला सांगतो म्हणाले, तर शाळेतही येईन. मी त्या दारातून हलणार नाही.