शिलाअक्काची मूठ

आमच्या डोंगरकडा गावात आणि आसपासच्या दहा गावांत पंगत उठली की लोक हात धुता धुता म्हणतात, "सोमेश्वर आचाऱ्याच्या हाताला चव हाय." तो सोमेश्वर आचारी मी. हे ऐकत पंचवीस वर्षं मिशीला पीळ देत आलो. खरं सांगायचं तर माझ्या स्वयंपाकात मीठ कधीच माझं नव्हतं. ते शिलाअक्का घालायच्या. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता आपली लाज सांगण्याइतका मी भला माणूस नाही.

शिलाअक्का आमच्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीतल्या. आठ-नऊ घरं, मधे पत्र्याचं प्रार्थनाघर, रविवारी हिंगोलीहून एसटीने पाळक येतात. अक्का साठीला टेकलेल्या, अंगाने काटकुळ्या, हळदीच्या हंगामात तळहात पिवळेधमक. प्रार्थनाघर झाडायचं, कुणाच्या घरी बाळंतीण असली की पाणी तापवायचं, एखादं म्हातारं अंथरुणाला खिळलं तर जाऊन त्याचं अंग पुसायचं, ही कामं त्यांना कुणी नेमून दिलेली नव्हती. मी एकदा म्हणालो, "अक्का, एवढं करता, कुणाला खबर तरी हाय का?" तर म्हणाल्या, "आमच्या प्रभूनं त्याच्या लोकायला मीठ म्हनलंय, सोमा. सोनं म्हनला असता तर मी बी पेटीत बसले असते."

माझे वडील तातेराव आचारी यांच्या काळात अक्का भांडी घासायला यायच्या. एका लग्नात त्यांनी कढईच्या वाफेवर नुसता तळहात धरला आणि म्हणाल्या, "तात्या, अजून दोन मुठी बसतेत." वडिलांनी चाखून पाहिलं आणि गप्प दोन मुठी टाकल्या. त्या दिवसापासून मीठ अक्कांकडे गेलं. मारुतीच्या भंडाऱ्याला मात्र काहींनी नाकं मुरडली. देवाच्या कढईत ख्रिस्ती बाईचं मीठ कसं चालेल म्हणाले. वडील तापट होते. "मीठ समुद्रातून येतं," ते ओरडले, "त्याला कोनी गाव इचारलं का कधी?" तरीही हट्टाने त्या वर्षी दुसऱ्या कुणी मीठ घातलं आणि भाजी इतकी अळणी झाली की पुढच्या वर्षी नाकं मुरडणारेच अक्कांना बोलवायला पुढे गेले.

भंडाऱ्याचा स्वयंपाक अवघड का, ते सांगतो. नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही. दीड हजार माणसांचं वरण, पण जिभेला थेंब लावायचा नाही. सगळा कारभार अंदाजाने. म्हणून वडिलांनी नियम घालून दिला होता, की मीठ एकाच हाताचं. अमक्याने घातलं, तमक्याला वाटलं राहिलं, असं झालं की कढई हातची गेली.

अक्का जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, वाटग्यात मीठ घेऊन यायच्या. कढईला कशी उकळी आलीय ते बघायच्या, वाफेवर तळहात धरायच्या, ओठ हलवत काहीतरी पुटपुटायच्या आणि मुठी टाकायच्या. काय पुटपुटता म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "जेवनाऱ्याचं पोट भरो, एवढंच." आणि लोक भाजीची तारीफ करायला लागले की मला कोपराने ढोसायच्या. "मीठ ध्यानात आलं म्हंजी चुकलं, सोमा. भाजी चांगली म्हनतेत ना? मंग बराबर पडलं."

यंदा हनुमान जयंतीच्या आठ दिवस आधी अक्का आमच्या घरी आल्या. माझी बायको शालूबाई हिचे साखरेचे आणि मिठाचे डबे सारखे आहेत. तीस वर्षं सांगतोय, एकावर काहीतरी खूण कर. तिने चहा ठेवला, मी घोट घेतला आणि तसाच अंगणात थुंकलो. चहात साखरेच्या जागी मीठ! आत येऊन बघतो तर अक्कांनी कप रिकामा केलेला आणि म्हणताहेत, "लई झ्याक झाला गं चहा."

शालूबाई हसायला लागली. मला हसू येईना.

"अक्का, चहात मीठ होतं," मी म्हणालो.

त्यांनी कप खाली ठेवला. हळदीच्या दिवसांत त्यांना मोठा ताप आला होता. ताप गेला, जाताना चव घेऊन गेला. दोन महिने भाकरी आणि माती सारखीच लागत होती. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"पाळक त्या रविवारी मिठावरच बोलून राहिले व्हते," अक्का म्हणाल्या. "खारटपना गेलेलं मीठ काय कामाचं म्हनून. मला बसवंना, उठून भाईर आले." मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तूच सांग सोमा, भंडाऱ्याचं मीठ मी घालू का नको? तू नको म्हन, मी भांडे घाशीन. मला तकलीफ न्हाई."

तकलीफ कशी नाही, ती त्यांच्या तोंडावर दिसत होती. मी छाती ठोकून म्हणालो, "मीठ तुमचंच." माझ्या तोंडाचं आणि पोटाचं तेव्हा जमलेलं नव्हतं.

भंडाऱ्याच्या सकाळी दोन कढयांत वांग्याची भाजी आणि एका मोठ्या डेगीत वरण. अक्कांनी वाफेवर हात धरला, पुटपुटल्या, मुठी टाकल्या. रोजच्यासारखंच. पण मी मुठी मोजत होतो. वरणात त्यांनी कमी टाकल्या असं मला वाटलं. अक्का पाण्याला गेल्या आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बाईची चव गेलीय. वरण दीड हजार पानांत जाणार. नाव कुणाचं जाणार? चाखून बघायची सोय नाही. मी इकडेतिकडे पाहिलं आणि चार ओंजळी मीठ डेगीत सोडलं. वडिलांचा नियम माझ्याच हाताने मोडला.

नैवेद्य झाला. मारुतीराया काही बोलला नाही. मग रिवाजाप्रमाणे रामकिशन पाटलांना वाटीभर वरण दिलं. पाटलांनी फुरका मारला आणि त्यांचे डोळे कपाळात गेले.

"अरे, काय घातलं हे? तोंडात धरवंना!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तेवढ्यात मागून अक्का पुढे आल्या.

"पाटील, त्याला बोलू नका. मीठ मी घातलं. मला तापापासून चव कळत न्हाई, तरी हौस धरली. माझी चूक हाय." एवढं म्हणून त्यांनी मिठाचं वाटगं शालूबाईच्या हातात दिलं. "आजपून तुमीच घाला." आणि पदर खोचून म्हणाल्या, "बिनमिठाची डाळ शिजवून त्यात घातली की बराबर व्हतं. डाळ आना कोनी!"

झालं, गावभर पळापळ. ज्याच्या घरी जेवढी तुरीची डाळ होती तेवढी आली. कुणी डब्यात, कुणी टोपीत, पाटलांच्या घरून तर अख्खी गोणी. भजनी मंडळाने आणखी तासभर टाळ कुटायचं ठरवलं. बायका हसत होत्या, भट्ट्या पेटत होत्या, आणि अक्का पाण्याच्या घागरी वाहत होत्या. मी मात्र भाजीची कढई चाखली. मीठ जिथल्या तिथे. दुसरी कढई चाखली. तीही तशीच. तापानंतरही त्या बाईची मूठ तसूभर हलली नव्हती. हलला होता तो मी.

मनात म्हटलं, गप्प बस सोम्या, वरण सुधारतंय, नाव वाचतंय. मग शालूबाईच्या हातातलं ते वाटगं दिसलं. उद्यापासून अक्का स्वतःला टाकाऊ समजून घरात बसणार, आणि तेही माझ्यामुळे. मला माझीच शिसारी आली. तडक देवळात गेलो आणि भजनी मंडळाच्या बुवांपुढचा माइक ओढला.

"हॅलो. मी सोमेश्वर आचारी. वरणात मीठ मी टाकलं. अक्कांचं बराबर पडलं व्हतं, वरून मी चार ओंजळी टाकल्या. भाज्या चाखून पाहा. आन आजवर तुमी माझ्या हाताची म्हनून जी चव खाल्ली, ती अक्काची हाय. पंचवीस वर्षांपासून."

टाळ थांबले. मग रामकिशन पाटील एवढ्या मोठ्याने हसले की त्यांचा फेटा सुटला, आणि त्यांच्यामागे अख्खं देऊळ हसायला लागलं. अक्का घागर घेऊन तशाच उभ्या होत्या.

"काहून सांगितलं रे येड्या?" त्या रागावल्या. "झाकलं असतं की."

"तुमी झाकलं व्हतं," मी म्हणालो. "मला झाकवंना."

पाटलांनी अक्कांना पहिल्या पंगतीला बसवलं. त्या नाही नाही म्हणत होत्या. इतक्या वर्षांत बाई कधी शेवटच्या पंगतीच्या आधी जेवलेली नव्हती. मी स्वतः वाढलं. वरण-भात कालवून त्यांनी घास घेतला, सावकाश गिळला आणि मला जवळ बोलावलं. त्यांच्या डोळ्यांत ते चहाच्या दिवशीचंच भ्यालेपण होतं.

"मला तर काई कळंना. तू खरं सांग सोमा, मीठ कसं हाय?"

मी त्यांच्याच पानातला चिमूटभर भात उचलून तोंडात टाकला. आजूबाजूला लोक भुरके मारत होते, आणखी वरण मागत होते.

"मीठ व्हय?" मी म्हणालो. "अक्का, ध्यानातच येईना."

अक्का आधी नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या पोरीसारख्या खळखळून हसल्या. हसता हसताच शालूबाईकडे पिवळा हात पुढे केला आणि आपलं वाटगं परत मागितलं.